घरकोरा

१

काचेच्या नळीला साबण लावायचा नाही, हे अंगवळणी पडायला तिला महिना लागला. लहानपणापासून भांडी घासलेल्या हाताला साबणाशिवाय काही स्वच्छ झालंय असं वाटतच नाही. पण इथं साबण चालत नव्हता, केसांना तेल चालत नव्हतं, अत्तर तर दाराबाहेरच. नळ्या कढत पाण्यातून काढायच्या, मग स्पिरिटनं पुसायच्या, मग भट्टीत तासभर तापवायच्या. आणि हातमोजे घातल्याशिवाय बोटसुद्धा लावायचं नाही.

"तुझ्या हाताचा वास नळीला लागला ना," डासमामा म्हणायचे, "तर माझी पोरं तुझ्याच मागं धावतील. मग मॅडम छापून आणतील, सगळ्यात चविष्ट माणूस म्हणजे आमची नळ्या धुणारी."

पोरं म्हणजे डास. विद्यापीठाच्या त्या तीन मजली इमारतीत गरम मुलखातल्या तापांवर संशोधन चालायचं. मधल्या मजल्याच्या अगदी टोकाला डासांची खोली होती, आणि तिथं डासमामा बत्तीस वर्षं डास वाढवत होते. रोग लावलेले डास वेगळ्या इमारतीत, कुलपात. इथले साधे, अंड्यापासून इथंच वाढलेले. पण जात रात्री चावणारी. आता मॅडम रात्री कामाला येणार नाहीत, म्हणून त्या खोलीत घड्याळ उलटं केलेलं होतं. संध्याकाळी दिवे लागायचे आणि सकाळी विझायचे. बाहेर टळटळीत दुपार असली की आत लाल दिव्याचा एक ठिपका आणि बाकी काळोख.

प्रयोगाची नळी म्हणजे हातभर लांबीचा काचेचा बोगदा, पुढं त्याला दोन फाटे. लांबून बघितलं तर आडवी पडलेली पँट. सगळे तिला पँटच म्हणायचे. कमरेकडून वीस डास सोडायचे, दोन्ही पायांच्या टोकाला एकेक मोजा ठेवायचा, हळू पंखा लावायचा आणि बघायचं, डास कुठल्या पायात शिरतात. एकाला डास फोडून खातात आणि शेजारच्याला चावत नाहीत, असं का, हे मॅडमना शोधायचं होतं. पायाचा घाम डासाला लांबून कळतो, म्हणून हे मोजे.

पहिल्याच आठवड्यात मॅडम काचेकडे बघत तिला म्हणाल्या होत्या, "मोजा." ती धावत जाऊन एक मोजा घेऊन आली. मॅडमना डास मोजायला हवे होते. डासमामा त्या दिवशी इतके हसले की त्यांना खोकला लागला, आणि तेव्हापासून तिचं नाव पडलं मोजेवाली.

आता लहान मुलांची पाळी होती. संस्थेच्या पाळणाघरात कामगारांची मुलं असायची, त्यांच्या आईबापांना विचारलं, तिनंही हो म्हटलं. तिची मुलगी साडेतीन वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणायचे, कारण ती बसलेली कधी कुणी बघितलीच नव्हती.

पद्धत अशी होती. प्रत्येक मुलाला नवे पांढरे दोन मोजे. एक मुलाच्या पायात संध्याकाळपासून सकाळपर्यंत. दुसरा कुणी घालायचाच नाही, नुसता मूल निजतं त्या जागेच्या बाजूला उघडा ठेवायचा. कारण घरालाही वास असतो, भिंतीचा, गादीचा, चुलीचा. तो वजा केल्याशिवाय मुलाचा वास किती ते कळणार कसं? ह्या न घातलेल्या मोज्याला मॅडमच्या कागदांत लांबलचक नाव होतं. डासमामांनी त्याचं सुटसुटीत करून टाकलं होतं, घरकोरा. घरात राहिलेला, पण कोरा. घातलेल्याला लाल दोरा बांधायचा, घरकोऱ्याला निळा.

बावीस मुलांचं सगळं नीट झालं. डास लाल दोऱ्याकडे गेले, कुठं जास्त, कुठं कमी. तेविसावी भिंगरी.

"लालकडे दोन," डासमामा काचेला नाक लावून म्हणाले. "एक मधेच बसलाय झोपाळू. निळ्याकडे..." ते थांबले. पुन्हा मोजलं. "निळ्याकडे सतरा."

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "अगं बाई, स्वतःच्या मुलीचंच उलटं केलंस होय? दोरे अदलाबदल झाले तुझे."

"नाही मॅडम. मी तिथंच बांधले, काढल्या काढल्या."

"सकाळची घाई असते. होतं. परत आण."

होतं, असं तिलाही वाटलं. सकाळी डबा, दूध, नवऱ्याची आरडाओरड, सातला बस. दोरा चुकणं काय मोठंसं?

२

ह्या वेळी तिनं चुकायला जागाच ठेवली नाही.

भिंगरीला पलंगावर बसवलं, डाव्या पायात मोजा चढवला. कडेच्या शिवणीत लगेच लाल दोऱ्याचा टाका घातला, पाय आत असतानाच. दुसरा मोजा चिमट्यानं उचलून खुर्चीवर ठेवला. त्याला निळा टाका. खुर्ची पलंगाच्या डाव्या अंगाला, भिंतीशी.

"टोचलं का गं?"

"नाही," भिंगरी म्हणाली, आणि पाय लांब करून तशीच बसून राहिली.

एरवी एक मोजा घालायचा म्हणजे घरभर पळापळ. पण ताप येऊन गेल्यापासून पोर शांत झाली होती. महिना झाला असेल. पाच दिवस दवाखान्यात काढले होते, नाकातोंडात नळ्या नव्हत्या एवढंच. सासूबाई तर खूष होत्या.

"तापानं शहाणी केली पोरीला," त्या दाराशी उभ्या राहून म्हणाल्या. "नाहीतर माझ्या पाठीचं धिरडं करायची उड्या मारून. आता सांगेल तिथं बसते. तू उगाच तोंड पाडून बसतेस."

"कुठं पाडलंय, अहो?"

"आरसा बघ."

नवरा जेवता जेवता म्हणाला, "पोरीचे मोजे पगारी झाले, आपले फुकटच वाया चाललेत. माझा एखादा नेऊन बघ. डास जागेवर मरतील."

सगळे हसले. भिंगरीही हसली, सगळ्यांच्या जरा नंतर.

सकाळी ती उठली तेव्हा भिंगरी जागीच होती, छताकडे बघत. तिनं पोरीच्या पायातला मोजा काढला. तो काढताना हाताला लागलं ते तिला आधी कळलंच नाही. पाकिटातून काढल्यावर नव्या मोज्याला मधोमध घडीची जी रेघ असते, ती रेघ तशीच होती. सगळी रात्र पायात राहून. टाच सपाट. घोट्याशी जरासुद्धा ढिलावा नाही.

लहान पाऊल आहे, ती मनाशी म्हणाली. हललं नसेल फार.

मग चिमटा घेऊन ती खुर्चीकडे वळली. खुर्चीवरच्या मोज्याची टाच फुगलेली होती. दिवसभर घालून फेकलेल्या मोज्याची असते तशी, गोल. बोटांपाशी करडी धूळ, पाच बारके ठिपके, एकाहून एक लहान.

तिनं चिमटा खाली ठेवला. हातमोजा काढला, जे करायचं नसतं ते केलं, आणि मोज्यात दोन बोटं घातली.

आत ऊब होती.

खिडकीतनं ऊन येतं त्या खुर्चीवर, तिला वाटलं. येतंच. मग तिनं खिडकीकडे बघितलं. ऊन अजून समोरच्या घराच्या कौलावर होतं, खोलीत यायला अर्धा तास तरी होता.

३

"लालकडे शून्य," डासमामा म्हणाले.

ह्या वेळी त्यांनी गंमत केली नाही. निळ्या टाक्याच्या मोज्यापाशी वीसच्या वीस डास काचेला चिकटून बसले होते, एकमेकांवर चढून.

मॅडमनी टाके उसवून बघितले, भिंगाखाली धरले. मग तिच्याकडे बघितलं. रागानं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. "तुझ्या घरी सगळं ठीक आहे ना? झोप होते का?"

"होते मॅडम."

"बरं. तेवीस नंबर काढून टाका, मामा. आकडे बिघडतात."

म्हणजे भिंगरीचे दोन्ही मोजे कचऱ्याच्या डब्यात गेले. तिनं स्वतःच नेऊन टाकले. कागदावरच्या तेविसाव्या ओळीवर एक आडवी रेघ आली.

तो विषय तिथंच संपायला हवा होता. पण नळ्या पुसताना तिनं डासमामांना विचारलंच. "मामा, एखाद्या माणसाला डास मुळीच चावत नाहीत, असं असतं?"

"कमी चावतात असं असतं."

"मुळीच नाही?"

"त्याचं काय आहे मोजेवाली, डासाला डोळे असून नसल्यासारखे. माणूस दिसला म्हणून तो येत नाही. आधी श्वास लागतो त्याला. श्वास आला की उठतो. मग घामाच्या मागं लागतो, मग ऊब लागली की बसतो. श्वास, घाम, ऊब. तिन्ही नसलं तर त्याच्या लेखी तिथं भिंत आहे." ते चहा फुंकत जरा थांबले. "मुळीच नाही असं मी एकदाच बघितलं."

"कोण होतं?"

"कापडदुकानातला पुतळा. जुन्या साहेबांनी गंमत म्हणून आणला होता. काय झालं गं? तोंड का उतरलं तुझं?"

"काही नाही. पाणी फार कढत होतं."

त्या संध्याकाळी तिनं घरात सगळ्यांचे हातपाय बघितले. नवऱ्याच्या मानेवर चार गांध्या. सासूबाईंच्या कोपरावर तीन, खाजवून लाल केलेल्या. तिचे स्वतःचे घोटे तर बघायलाच नकोत. भिंगरीला दिव्याखाली उभं केलं, फ्रॉक काढला, मागं-पुढं फिरवलं. पाठ, पोटऱ्या, कानामागं. कुठं काही नाही. धुतलेल्या बशीसारखं अंग.

तिनं पोरीच्या डोक्यात नाक खुपसलं. भिंगरीच्या डोक्याला आंबूस वास यायचा, दुधाचा आणि मातीचा मिळून. आता उशीच्या अभ्ऱ्याचा वास येत होता. अभ्रा काढून ठेवला तेव्हा कसलाच आला नाही.

"अगं, रोज न्हाऊ घालतेस, मग वास कुठनं यायचा?" नवरा म्हणाला. "डास चावत नाहीत म्हणून रडणारी आई मी पहिल्यांदाच बघतोय."

"रडत नाहीये मी."

"मग डोळ्यांतनं काय पडतंय, स्पिरिट?"

तिला हसू आलं, आणि हसता हसताच तिला दवाखान्यातली ती दुपार आठवली. ती विसरली नव्हती. फक्त तिकडं बघत नव्हती इतके दिवस.

चौथा दिवस. ताप उतरायला लागला होता. भिंगरी झोपली होती, आणि खुर्चीत बसल्या बसल्या तिचाही डोळा लागला. तीन रात्रींची जागी होती ती. जाग आली तेव्हा पलंग रिकामा. तिनं चादरीवर हात ठेवला तर खळगा तसाच होता, गरम. ती उठून ओरडणार, तेवढ्यात नर्स आली, भिंगरीला कडेवर घेऊन.

"ही घ्या तुमची. रक्त काढायला नेली होती. काय गुणी आहे हो, हूं की चूं केलं नाही!"

सुई बघितली की दोन मजले गोळा करणारी भिंगरी. पण त्या वेळी ते कुणाच्या लक्षात येणार? तिनं पोरीला ओढून घेतलं, छातीशी धरलं. आणि पोरीच्या खांद्यावरनं, मागं, तिला दिसलं होतं. पलंगावरची चादर हलली होती. खळग्यापाशी. निजलेल्या पोरानं कूस बदलली की हलते तशी.

पंखा चालू होता. पंखाच असणार.

दुसऱ्या दिवशी घरी सोडलं तेव्हा तिनं पिशवी भरली, औषधं घेतली, पाण्याची बाटली घेतली, आणि त्या पलंगाकडे एकदाही न बघता बाहेर पडली. तेव्हा ते का, हे तिनं स्वतःला विचारलं नव्हतं. आता विचारलं, आणि उत्तर यायच्या आत उठून भांडी घासायला लागली. आधीच घासलेली.

४

पुढच्या आठवड्यात पाळणाघराचा नळ फुटला. गाद्या भिजल्या, एक दिवस बंद. सासूबाईंना डोळे तपासायला जायचं होतं, म्हणून भिंगरी आईबरोबर कामावर आली. धुण्याच्या खोलीत स्टुलावर बसली ती बसलीच. पाय खाली लोंबत होते, पण हलत नव्हते.

"हीच का ती भिंगरी?" डासमामांनी तिच्यापुढं चुटकी वाजवली. "ह्या भिंगरीची दोरी कुणी पळवली?"

भिंगरी हसली. जरा नंतर.

मॅडम सकाळपासून सभेला गेल्या होत्या. एक वाजता डासमामा डबा घेऊन खाली गेले. ते पाऊण तासाच्या आत कधी वर आले नव्हते. डासांच्या खोलीतलं साखरपाणी बदलायचं काम तिचंच, त्यामुळं आत जायला कुणाला विचारायचं नव्हतं.

तिनं मनाशी सगळं नीट मांडलं होतं. आपलं डोकं फिरलंय, हे पहिलं. जागरण, काळजी, वर दिवसभर स्पिरिटचा वास. बाईमाणसाच्या डोक्याला एवढं पुरतं. त्यावर औषध एकच, आपल्या डोळ्यांनी बघायचं. पोरीला पिंजऱ्यापुढं उभं करायचं. डास उठतील, जाळीला येतील, संपलं. मग घरी जायचं आणि पुन्हा कधी तोंडातून ब्र काढायचा नाही.

"चल, मामांची पोरं बघायची?"

"बरं," भिंगरी म्हणाली.

आत काळोख गरम आणि ओला होता. दार लागल्यावर बाहेरचे आवाज तोडल्यासारखे थांबले. लाल दिव्याच्या उजेडात पिंजरा दिसायला लागला, टेबलावर ठेवलेली जाळीची चौकोनी पेटी, चारही बाजूंनी फिरता येईल अशी. आत चारशे डास. बारीक, एकसुरी गुणगुण, कान बंद केले तरी दातांत ऐकू येणारी.

तिनं भिंगरीचा उजव्या हातात धरलेला हात पुढं केला, पोरीला पुढच्या जाळीजवळ उभं केलं, आणि स्वतः हात ताणून जमेल तेवढी मागं सरकली. पदर नाकातोंडावर घट्ट दाबला. आपल्या श्वासानं डास उठले तर काय उपयोग?

डास पिंजऱ्याच्या छताला बसून होते. एक हलला नाही.

तिनं पदराआडून सांगितलं, "भिंगरे, फुंकर घाल बरं. दूध गार करायला घालतेस ना, तशी."

भिंगरीनं गाल फुगवले आणि फुंकर घातली. जाळी थरथरली, तिला स्पष्ट दिसली थरथरताना. मोठं माणूस नुसतं वाकलं तरी जाळीचा काळा पडदा होतो, हे तिनं रोज बघितलेलं. भिंगरीनं पुन्हा फुंकर घातली, पुन्हा घातली.

एकही डास उठला नाही.

लाल उजेडात कळत नसेल, ती मनाशी म्हणाली. साखरपाणी पिऊन सुस्त झाले असतील. साखरपाणी तर अजून बदललंच नव्हतं.

आणि तेवढ्यात गुणगुण बदलली.

छतावरचे डास उठले. सगळे एकदम नाही, आधी दहा-वीस, मग ढगच्या ढग. पण ते पुढच्या जाळीला आले नाहीत. भिंगरीकडे पाठ केल्यासारखे ते डाव्या बाजूच्या जाळीवर जाऊन बसायला लागले. त्या बाजूला कुणी नव्हतं. टेबलाची कड, थोडी मोकळी जागा, मग भिंत.

जाळीच्या अगदी खालच्या कडेला, तळहाताएवढा काळा डाग झाला. तिनं तो नीट बघितला, कारण बघायचंच ठरवून ती आली होती. टाचा उंचावून उभं राहिलं तर साडेतीन वर्षांच्या पोराचं तोंड येईल, तेवढ्या उंचीवर होता तो.

आणि तो डाग एकसारखा राहत नव्हता. दाट व्हायचा, विरळ व्हायचा. पुन्हा दाट. पुन्हा विरळ. ती बघत राहिली, आणि आपण त्या तालावर श्वास घ्यायला लागलोय हे तिच्या उशिरानं लक्षात आलं. रात्र रात्र छातीवर हात ठेवून मोजलेला ताल होता तो. आईला तो चुकत नाही.

तिनं पदर सोडला आणि जरा पुढं सरकली. डावा हात हळूहळू त्या मोकळ्या जागेत खाली नेला, बोटं पसरून. हवा गरमच होती. खोलीच गरम होती. मग बोटांच्या टोकांना थोडीशी जास्त गरम लागली, थांबली, पुन्हा लागली. सर्दी झालेल्या नाकातनं येते तशी, अडखळत.

"आई," उजव्या हाताशी भिंगरी म्हणाली. "कुणाशी बोलतेस?"

ती काही बोलली नव्हती.

"कुणाशी नाही गं."

"मी आहे ना इथं," भिंगरी म्हणाली. "आई, मी आहे ना."

किती शहाण्यासारखं म्हणाली. घाबरलेल्या आईला पोर धीर देतंय, असं कुणालाही वाटलं असतं. तिला त्या हाताकडे बघवेना. हात मऊ होता, छोटा होता, नखं तिनंच काल कापली होती. तो हात महिनाभर तिनं धरला होता, बसमध्ये, रस्त्यावर, झोपवताना. आणि ह्या महिनाभरात दुसरं कुणी तिच्या डाव्या बाजूला चालत आलं असेल, खुर्चीवर झोपत असेल, ठेवलेला मोजा आपलाच समजून घालत असेल, तर तिला कुणी हात दिला होता?

तिनं उजवा हात सोडवून घेतला.

"भिंगरे, तू इथंच थांब हं. आलेच मी."

काळोखात एकटं राहायचं म्हटलं की पायाला मिठी मारणारी पोर तिची. तिनं वाट बघितली.

"बरं," भिंगरी म्हणाली.

५

बाहेर पॅसेजमध्ये दुपारचं ऊन पडलं होतं. लांब कुठंतरी टाइपरायटरचा खडखडाट चालू होता, खालून कुणाचं तरी हसणं ऐकू येत होतं. तिनं मागं दार ओढून घेतलं आणि पाठ लावून उभी राहिली.

डावा हात तिनं जरासा खाली धरला होता, बोटं अर्धी मिटलेली. दारातून येताना तो तसाच धरून ती आडवी, जपून आली होती, एखाद्याला पुढं घालावं तशी. हातात ऊब होती. ती आपलीही असेल. तिनं खाली बघितलं नाही.

उन्हात उभं राहिल्यावर डोकं जागेवर यायला लागलं. काय केलंस हे? दाराआड तुझं पोर आहे. तापातून उठलेलं, साडेतीन वर्षांचं. चारशे डासांच्या काळोखात तू त्याला सोडून आलीस, कशासाठी, तर दोन मोजे आणि एक हवेची झुळूक. कुणाला सांगशील? नवऱ्याला काय सांगशील, पोरगी कुठंय म्हटल्यावर?

तिनं कान दाराला लावला.

आत आवाज नव्हता. पाऊल नाही, हुंदका नाही, दाराला हात लागल्याचं नाही. कुठलंही पोर एव्हाना रडलं असतं. कुठलंही.

रड ना गं, ती मनात म्हणाली. एकदा 'आई' म्हणून रड. तू रडलीस की मी आत येते, तुला उचलते, घरी नेते. पुन्हा जन्मात शंका घेणार नाही. तुझ्या गळ्याची शपथ. एकदाच रड.

मनातल्या मनात म्हणाली ती हे. ओठसुद्धा हलले नव्हते.

त्याच क्षणी दाराआड रडणं सुरू झालं. हुबेहूब भिंगरीचं, जसं ताप यायच्या आधी होतं तसं. आधी एक हुंदका, मग दम कोंडल्यासारखी लांब ओढ, आणि मग दोन मजले गोळा करणारं "आई".

उजवा हात आपोआप दाराच्या कडीवर गेला.

डाव्या हाताची करंगळी कुणीतरी घट्ट पकडली.